अंगात साठलेलं लोखंड

बिडाच्या भांड्याला आतून कोणता थर द्यायचा, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. पुण्यात मेटलर्जी शिकले, ॲन आर्बरला मास्टर्स केलं आणि बरीच वर्षं मिनियापोलिसजवळच्या एका भांड्यांच्या कंपनीत आहे. ओळख करून देताना हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, तवा म्हणजे तवा, त्यात ठरवायचं काय. पण एकाच साच्यातून निघालेला तवा टेक्सासमध्ये एका रूपात विकला जातो आणि जर्मनीत वेगळ्याच. इथे दक्षिणेकडे वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तसाच ठेवून, तेल लावून भट्टीत भाजलेला काळा थर चालतो, कारण तो तवा शेकोटीवरही जाणार असतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तोच तवा मशीनवर घासून गुळगुळीत केलेला हवा असतो, काचेच्या शेगडीवर ओरखडे न उठवणारा. युरोपात रंगीत इनॅमलचा काचेसारखा थर, म्हणजे भांडं शेगडीवरून उचलून थेट टेबलावर ठेवता येतं.

त्या वर्षी कंपनीने अमेरिकेतल्या भारतीय घरांसाठी वेगळी भांडी काढायचं ठरवलं आणि काम साहजिकच माझ्याकडे आलं. माझं मत सुरुवातीपासून पक्कं होतं. आपल्या लोकांना बाजारातला तयार काळा थर नको असतो, तवा स्वतः तेलवून मुरवायचा असतो. म्हणून आतून काहीच न दिलेलं, गुळगुळीत केलेलं आणि गंज लागू नये एवढंच तेल चोपडलेलं कच्चं बीड द्यावं, असं मी सुचवलं. बरीच भारतीय वस्ती असलेल्या हर्नडनमध्ये आम्ही काही मराठी आणि तेलुगू बायकांना बोलावून नमुने दाखवले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो लोहाचा. मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे, यातून आयर्न मिळेल का? दुसरीनेही तेच विचारलं. मार्केटिंगच्या लोकांनी ते लगेच उचललं. खोक्यावर ओळ ठरली, ‘रोजच्या जेवणातून नैसर्गिक लोह’. मला ती ओळ आवडली होती. ती खोटी नव्हती. कच्च्या बिडात चिंच, टोमॅटो, चुका शिजवला की लोह जेवणात उतरतं हे खरंच आहे.

सासूबाई त्याच उन्हाळ्यात नागपूरहून आल्या. सासरे जाऊन खूप वर्षं झाली होती. नवरा कॉलेजात असतानाच ते गेले. तेव्हापासून सासूबाई एकट्याच राहायच्या आणि अधूनमधून ईडन प्रेरीला आमच्याकडे सहा महिने यायच्या. मुलगा एकुलता एक. आल्या की स्वयंपाकघर त्यांचं. मी नमुन्याच्या कढया घरी आणल्या तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, जणू माहेरचं कोणी आलंय. इथल्या नॉनस्टिकवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. कच्च्या बिडाची कढई त्यांनी दोन दिवस तेल, मीठ आणि कांदा यांनी घासून अशी काळीभोर केली की मी ऑफिसात फोटो दाखवला. मग त्या रोज तिच्यात काही ना काही करत आणि मी टिपून ठेवी. चुक्याची भाजी काळी पडते. आमटीला चिंच घातली की करडी झाक येते, चवीत धातू लागतो. नवऱ्याला ती चव आवडायची. लहानपणची चव आहे म्हणायचा.

नवऱ्याची तब्येत त्याआधीपासून बिघडत चालली होती, पण आम्हाला ते बिघडणं वाटलं नव्हतं. तो थकायचा. शनिवारी सकाळी सायकल काढणारा माणूस दहा वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागला. हाताची पहिली दोन बोटं मुळाशी दुखत. टाइप करून दुखतात म्हणून त्याने कीबोर्ड बदलला, मग खुर्ची बदलली. रंग सावळा होत गेला तो आम्ही उन्हाळ्यावर घातला. चिडचिड वाढली ती त्याच्या टीममधल्या ले-ऑफवर. प्रत्येक गोष्टीला एकेक सोयीचं कारण मिळत होतं.

सासूबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात निदान केलं. अशक्तपणा आहे, रक्त कमी झालंय. “हा काही खाऊन राहिला नाही नीट,” त्या मला म्हणाल्या. “रोज लोखंडातलं पोटात गेलं पाहिजे.” मग पालक आला, बीट आलं, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आले, आणि सगळं त्या कढईत. लोह अंगी लागावं म्हणून वरून लिंबू पिळायच्या. हे सगळं शास्त्राला धरून होतं, म्हणून मीही मान डोलावली. दुकानातून लोहाच्या गोळ्याही आणल्या. त्या मीच आणल्या.

पुढे एकदा त्याला गाडी चालवतानाच इतकी ग्लानी आली की त्याने हायवेवरून उतरून एका पार्किंगमध्ये गाडी थांबवली आणि मला फोन केला. त्यानंतर तो डॉक्टरकडे गेला. रक्ताचे रिपोर्ट पोर्टलवर आले तेव्हा मी ऑफिसात होते. हिमोग्लोबिन उत्तम होतं. अंगात साठलेलं लोह दाखवणारा फेरिटिनचा आकडा लाल रंगात होता. मला वाटलं, कमी असणार. नीट पाहिलं तर तो जास्त होता, आणि थोडाथोडका नाही. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. लिव्हरचे आकडेही वर गेले होते.

स्पेशलिस्ट एक वयस्कर, शांत बाई होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हाताची तीच दोन बोटं दाबली आणि विचारलं, इथे दुखतं का? मग समजावून सांगितलं. काही माणसांच्या शरीराला लोह घेणं थांबवता येत नाही. जेवढं येईल तेवढं ते साठवत राहतं, लिव्हरमध्ये, सांध्यांत, हृदयात. आजार जन्मजात असतो, आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होतो, आणि भारतीयांत तसा कमी दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय जुन्या काळातला वाटावा असा, रक्त काढत राहायचं, म्हणजे त्याबरोबर लोहही बाहेर जातं. मी त्यांना माझं काम सांगितलं, कढईचंही सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळ्या आजच बंद करा. आंबट पदार्थ कच्च्या लोखंडात शिजवू नका. “पण हा आजार भांड्यामुळे झालेला नाही,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “तुमच्यामुळे तर नाहीच.”

मग त्यांनी नवऱ्याला घरातल्या लोकांबद्दल विचारलं. आई ठीक आहे. वडील? लिव्हरने गेले, तो म्हणाला. किती वर्षांचे होते? पन्नाशीही गाठली नव्हती. मधुमेह होता का? होता. रंग बदलला होता का? यावर त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, शेवटी शेवटी ते काळवंडले होते. डॉक्टरांनी विचारलं, दारू प्यायचे? तो म्हणाला, “लोक म्हणायचे.”

परतताना गाडीत तो एकदाच बोलला. आईला आज नको सांगूया. पण सासूबाई दारातच उभ्या होत्या आणि आमचे चेहरे बघून त्यांनी सरळ विचारलं. त्याने सोफ्यावर बसवून त्यांना सांगितलं, लोह जास्त झालंय, कमी नाही. त्यांना ते पटेना. जास्त कसं होईल, रक्त का कोणाचं जास्त होतं? मग जन्मजात या शब्दापाशी आल्या.

“माझ्याकडून गेलं?” त्यांनी विचारलं.

“दोघांकडून,” तो म्हणाला. “अर्धं तुझ्याकडून, अर्धं बाबांकडून. आणि बाबांना स्वतःला बहुतेक हेच होतं, आई.”

 त्या उठून आत गेल्या, कुकर लावला, पोळ्या केल्या. आम्ही तिघं जेवलो.

जे सांगायचं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी मला सांगितलं. नवरा कामावर गेला होता. मी त्या दिवशी घरून काम करत होते. त्या माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि मी लॅपटॉप मिटला.

सासरे पोस्टात होते. तिशी-पस्तिशी उलटली आणि थकायला लागले. ऑफिसातून आले की बूट न काढता बसून राहत. मग पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासायच्या आधी विचारलं, किती घेता? ते म्हणाले, घेत नाही. डॉक्टर हसला. मग तो प्रश्न घरात आला. मोठ्या जावेने विचारलं, शेजारणीने विचारलं, माहेरी भावाने विचारलं. सगळ्यांना ते नाही म्हणत आणि सगळे मान हलवत, पिणारा माणूस नाहीच म्हणतो म्हणून.

“मीसुद्धा मानलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “ते झोपले की मी त्यांचं तोंड हुंगायची. कपड्यांचे खिसे बघायची. कपाटामागे, न्हाणीघराच्या माळ्यावर बाटली शोधायची. कधीच सापडली नाही. तरी शोधायचं सोडलं नाही. वाटे, हा माणूस किती हुशारीनं लपवतो.”

एकदा सासऱ्यांनी बघितलं होतं, त्या म्हणाल्या. म्हणजे त्या कपाटाच्या मागे हात घालून शोधत होत्या आणि सासरे दारात उभे होते.  चष्मा काढला, पुसला आणि परत अंगणात जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी कोणालाच ‘मी घेत नाही’ असं सांगितलं नाही. विचारलं तर नुसते ऐकून घ्यायचे.

मी त्यांचा हात धरला.  तेव्हा हे कोणालाच कळलं नसतं, त्या गावात त्या काळी ही तपासणीही कोणी केली नसती, असं काहीतरी मी म्हणाले. ते सगळं खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

“त्यांना शक्ती यावी म्हणून वैद्यानं सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी लोहभस्म द्यायची. आणि भाजी लोखंडाच्या कढईतली.”

त्यानंतर त्यांनी स्वयंपाक करणं सोडलं. एक-दोन दिवस अंगात कणकण आहे म्हणाल्या, पण मला माहीत होतं. कांदा चिरून द्यायच्या, कणीक मळून द्यायच्या, शेगडीपाशी जायच्या नाहीत. मी कढई गराजमध्ये नेऊन ठेवली आणि आतून इनॅमल दिलेली आणली. ती त्यांनी बोटाने चाचपून पाहिली आणि बाजूला ठेवली. नवऱ्याचं रक्त काढायला सुरुवात झाली होती. दर आठवड्याला तो जायचा आणि थकून यायचा. आधी जो अशक्तपणा होता त्यावर आता रक्त काढल्याचा अशक्तपणा. त्याच्या आईला तो दिवस सोसायचा नाही. रक्त कमी आहे म्हणून लाडू करणारी बाई, आणि डोळ्यांदेखत पोराचं रक्त काढून फेकून देतात. ते कुणाला देत का नाहीत, एवढंच त्यांनी एकदा विचारलं.

माझं ऑफिसात लक्ष लागत नव्हतं. अंतिम बैठक जवळ आली होती. टेबलावर नमुने मांडलेले असायचे, कच्चे, भाजलेले, इनॅमलचे, आणि मी त्यांच्यावरून हात फिरवत बसायची. इंजिनिअर म्हणून मला सगळं ठाऊक होतं. हा आजार क्वचित होतो, बहुतेक घरांत लोह कमीच असतं, हर्नडनमधल्या त्या बायकांच्या मुलींना हीच कढई उपयोगाची होती. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं. तरी खोक्यावरची ती ओळ वाचली की मला दुसरंच एक घर दिसायचं. कोणीतरी थकलेला माणूस, आणि त्याला प्रेमाने वाढणारी कोणीतरी बाई.

बैठकीआधी मी बॉसच्या केबिनमध्ये गेले. ती इथलीच, मिनेसोटाची, कामात कडक आणि एरवी फार चांगली. मी म्हणाले, कच्चं बीड राहू दे, पण लोहाची ओळ काढायला हवी. ती चकित झाली. त्या ओळीवर तर सगळा देशी मार्केटचा प्लॅन उभा होता. माहिती चुकीची आहे का, तिने विचारलं. मी म्हणाले नाही. मग? मी घरातली हकिगत सांगितली, नवऱ्याची तेवढी. सासऱ्यांचं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मला वाईट वाटतं. मग विचारलं, “तू हे इंजिनिअर म्हणून म्हणतेयस की बायको म्हणून?”

“सध्या मला ते वेगळं करता येत नाही,” मी म्हणाले.

“तर मग तू थोडे दिवस सुट्टी घे,” ती म्हणाली. तिने ते मायेने म्हटलं होतं, तरी मला फार एकटं वाटलं.

सुट्टी घेतली नाही. आरोग्यविम्यासाठी नोकरी हवी होती आणि घरी बसून मी आणखीच वेडी झाले असते. पुढे झालं ते असं की खोक्याचा मजकूर वकिलांकडे गेला आणि त्यांनीच ती ओळ काढायला लावली. आरोग्याचा दावा केला की भानगडी मागे लागतात, एवढंच त्यांचं म्हणणं. चिंचेच्या आमटीला येणारी करडी झाक पाहून मार्केटिंगवाले आधीच कुरकुरत होते, म्हणून कढईला आतून काळं इनॅमल द्यायचं ठरलं आणि भाकरीचा तवा तेवढा कच्चा राहिला. म्हणजे मी मागितलं होतं त्याहून जास्तच झालं, फक्त माझ्या कारणासाठी झालं नाही. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ इंजिन सुरू केलं नाही.

आमची मुलगी तेव्हा ॲन आर्बरला शिकत होती. तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो तिच्या बाबाचा, दुसरा स्वतःचा. बाबाकडून तिला अर्धा दोष येणार हे नक्की होतं. माझ्यातही तो असेल तरच तिला धोका. म्हणून आधी मी रक्त दिलं. रिपोर्ट यायला वेळ लागला, आणि त्या दिवसांत मी नवऱ्याशी नीट बोलले नाही, तोही माझ्याशी नाही. त्याला वाटायचं आपण पोरीला हे दिलं. मला वाटायचं, निदान त्याला स्वतःचं नक्की माहीत तरी आहे. माझ्यात दोष निघाला नाही. मुलीने तरी तपासून घेतलंच. तिला अर्धाच होता, ती आजारी पडणार नव्हती. नवऱ्याने फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. त्याच्या लिव्हरचा थोडा भाग मात्र कायमचा कडक झालाय. बोटंही दुखतात, ती दुखतच राहतील म्हणतात. रक्त काढणं आता कमी झालंय, पण थांबणार नाही कधीच.

त्याला वाटायचं, आईने नागपूरला सगळ्यांना सांगावं. काकांना सांगावं, मामाला सांगावं, बाबा दारुडे नव्हते म्हणून. त्याने तसं म्हटलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या.

“कोणाला सांगू?” त्या म्हणाल्या. “जे बोलले ते सगळे गेले. आणि ज्याला सांगायचं तो पहिला गेला.”

तो त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडायला लागला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगी घरी आली. बाहेर बर्फ पडलं होतं, चौघंही घरातच होतो. ती आजीशी इंग्लिशमध्ये बोलते, आजी मराठीत उत्तर देते, दोघींना सगळं कळतं. रक्ताच्या तपासणीपासून तिच्या डोक्यात आजोबा घोळत असावेत, कारण तिने अचानक विचारलं, “आजी, व्हॉट वॉज ही लाइक?”

आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नसे. नवऱ्याने वर पाहिलं. सासूबाई सांगायला लागल्या. आजोबांचं अक्षर इतकं सुरेख होतं की पोस्टात लोक मनीऑर्डरचा मजकूर त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. लग्नात ते इतके लाजले की हार घालताना चष्मा पडला. पोहायला यायचं नाही, तरी मुलाला शिकवायला तलावावर घेऊन जायचे आणि काठावर बसून सूचना द्यायचे. नवरा हसला. त्याला ते आठवत होतं.

“वॉज ही फन?” मुलीने विचारलं.

“होते की,” सासूबाई म्हणाल्या. “फार बोलायचे, सुरुवातीला.”

 मुलगी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. नवरा खिडकीकडे तोंड करून बसला होता. थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे पुसले आणि पुढचं सांगायला लागल्या, ते पहिल्यांदा आजारी पडले त्या वर्षाचं. ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. बाटली शोधल्याचंही, आजोबा दारात उभे राहिल्याचंही. मराठीतच सांगितलं, आणि मुलीला काही शब्द कळले नाहीत तिथे मी भाषांतर केलं.